इंजिनाच्या संगणकाचे ट्यूनिंग घरी शिकताना: इंदूरच्या नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ट्यून करणे म्हणजे कुठून तरी मिळालेली तयार फाइल गाडीत भरून पिकअप वाढवणे, अशी समजूत घेऊन जे या विषयाकडे येतात, त्यांना मी पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगतो: सुरुवातीचे दोन-तीन महिने काहीही बदलायचे नाही, फक्त मोजायचे. गाडीचे आजचे आकडे वाचता आल्याशिवाय त्यांत काय बदलायचे हे ठरवता येत नाही, आणि वाचता येऊ लागले की बदलण्याची निम्मी घाई आपोआप ओसरते. हा लेख पेट्रोल गाड्यांपुरता आहे. ज्यांना पाना धरता येतो, प्लग बदलता येतो, मल्टिमीटर लावता येतो, पण इंजिनाच्या संगणकाला ज्यांनी अजून हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे. उदाहरणे इंदूरची घेतली आहेत, कारण इथली उंची, इथला उन्हाळा आणि पंपावर मिळणारे पेट्रोल यांचा या कामाशी थेट संबंध येतो.

संगणक नेमके काय ठरवतो

इंजिन फिरत असताना ईसीयूला मुख्यतः दोन निर्णय सतत घ्यायचे असतात: इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि ठिणगी केव्हा पाडायची. बाकीचे पुष्कळसे काम, म्हणजे स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) सांभाळणे, पंखा चालू करणे, एसीचा भार येताच इंजिनाला किंचित रेस देणे, या दोन निर्णयांच्या अवतीभवती असते. पहिल्या निर्णयामागचे गणित प्रत्येकाने एकदा तरी वहीत स्वतः करून पाहावे, कारण पुढचे सारे ट्यूनिंग त्याच गणितातील एकेक संख्या दुरुस्त करण्याचे काम आहे.

एक हजार सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन घेऊ. प्रत्येक सिलिंडर २५० सीसीचा झाला. मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील, दाब ९४ किलोपास्कल आहे, आत येणाऱ्या हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअस आहे आणि सिलिंडर त्याच्या मापाच्या ८० टक्के भरतो असे धरले, तर एका वेळी सुमारे ०.२१ ग्रॅम हवा आत येते. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, म्हणून या हवेला सुमारे ०.०१४ ग्रॅम पेट्रोल हवे. मिनिटाला १८० सीसी पेट्रोल सोडणारा इंजेक्टर तेवढे पेट्रोल सुमारे ६.४ मिलिसेकंदांत सोडतो. इंजेक्टरची सुई उचलली जाईपर्यंत जो वेळ वाया जातो, तो सुमारे १ मिलिसेकंद धरून त्यात मिळवला की एकूण ७.४ मिलिसेकंद होतात. इंजिन ६००० आरपीएमवर असेल, तर एका सिलिंडरच्या पूर्ण चक्राला, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांना, केवळ २० मिलिसेकंद मिळतात. इंजेक्टर त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक वेळ उघडा राहतो.

या गणितातील दाब आणि तापमान सेन्सर सांगतात. इंजेक्टरचे माप आपण एकदाच भरतो. राहतो तो ८० टक्क्यांचा आकडा. तो प्रत्येक आरपीएमला आणि प्रत्येक भाराला वेगळा असतो, म्हणून ईसीयूमध्ये त्याचा एक मोठा तक्ता असतो, ज्याला ट्यूनिंग करणारे व्हीई टेबल म्हणतात. बऱ्याच प्रणालींत त्यात सोळा आडव्या आणि सोळा उभ्या ओळी असतात, आणि इंजिन दोन खान्यांच्या मध्ये चालत असेल, तर संगणक शेजारच्या खान्यांवरून मधली किंमत काढतो. ठिणगी किती अंश आधी पाडायची याचाही असाच दुसरा तक्ता असतो. या दोन तक्त्यांत मन रमले की उरलेले तक्ते समजायला वेळ लागत नाही.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे किल्ली चालू पण इंजिन बंद अशा स्थितीत मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सरने इथे ऋतूनुसार साधारण ९३ ते ९५ किलोपास्कल दाखवले पाहिजेत. मुंबईत हाच आकडा १०० च्या आसपास असतो. सेन्सर इंदूरात बसून १०१ दाखवत असेल, तर त्याचे कॅलिब्रेशन चुकलेले आहे आणि त्याच्या भरवशावर केलेला प्रत्येक हिशेब तेवढाच चुकणार. ही तपासणी फुकट आहे, अर्ध्या मिनिटात होते, आणि तरीही ती न करताच लोक इंधनाचे तक्ते ओढाताण करून बसवत राहतात.

पेट्रोलविषयीही एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि अशा मिश्रणाला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ पटच हवा लागते. तेवढ्याच हवेसाठी वजनाने सुमारे ८-९ टक्के जास्त इंधन सोडावे लागते. म्हणून हवा-इंधनाच्या गुणोत्तरात विचार न करता पहिल्या दिवसापासून लॅम्डामध्ये विचार करण्याची सवय लावावी. लॅम्डा १ म्हणजे हवा आणि इंधन बरोबर जुळलेले, १ पेक्षा जास्त म्हणजे इंधन कमी, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त. पेट्रोल कोणतेही असो, लॅम्डाचा अर्थ बदलत नाही.

गाडीची निवड आणि कायद्याची चौकट

नव्या बीएस-६ गाडीवर घरी शिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांत धुराच्या नळकांड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यावर, संगणकाची कडक नजर असते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत तर रस्त्यावर प्रत्यक्ष चालताना होणाऱ्या प्रदूषणाचेही बंधन आले. या ईसीयूंचे संरक्षण भेदण्याच्या खटपटीत शिकणे बाजूला राहते, वॉरंटी जाते आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकतो.

कायदाही ठाऊक हवा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तिकेतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कन्व्हर्टर कापून काढणे किंवा त्याचा सेन्सर फसवणे हे तर कोणत्याही कारणाने करू नये. आपल्या गाडीचा धूर शेजाऱ्यांची मुले श्वासात घेतात, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

मग शिकावे कशावर? दोन गाड्या असाव्यात. पहिली म्हणजे घरातील रोजची गाडी. तिचे फक्त वाचन करायचे, तिच्यात अक्षरही बदलायचे नाही. दुसरी म्हणजे शिकण्यासाठीची जुनी, साध्या बनावटीची एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेली, गाडी. रामबाग, लोकमान्य नगर या आपल्या जुन्या वस्त्यांत एखादी झेन किंवा एस्टीम कापडाखाली उभी असलेली अजूनही दिसते. अशा गाडीचे इंजिन सुटसुटीत असते, जागा भरपूर असते आणि सुटे भाग मिळतात. तिचा मूळ ईसीयू आणि मूळ वायरिंग न कापता जपून ठेवावे, म्हणजे गाडी पूर्ववत करता येते. ती पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर आधी आरटीओत विचारणा करावी. तोवर तिचे काम अंगणात आणि डायनोवरच, म्हणजे गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच, चालू द्यावे. पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक असलेले नॅट्रॅक्स हे चाचणी केंद्र आपल्या इतके जवळ आहे, म्हणून पुष्कळांच्या मनात त्याचा विचार येतो. पण ते वाहन उद्योगाच्या चाचण्यांसाठी आहे, आणि नवशिक्याला त्या वेगाची गरजही नाही.

पहिला टप्पा: वाचन

भारतात एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांत ओबीडी-२ ची, म्हणजे ईसीयूतील आकडे आणि बिघाड बाहेरून वाचण्याची, सोय अनिवार्य झाली. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचे सॉकेट असते. त्यात ईएलएम ३२७ जातीचा ॲडॉप्टर बसवला आणि मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर एखादे लॉगिंगचे ॲप घेतले की वाचन सुरू होते. अगदी स्वस्तातील नकली ॲडॉप्टर काही आज्ञांना उत्तरच देत नाहीत, म्हणून इथे थोडे जास्त पैसे खर्च करावेत. एका वेळी सगळ्याच गोष्टी नोंदवायला घेतल्या, तर प्रत्येकीची नोंद फार विरळ होते. आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब किंवा हवेचा प्रवाह, आत येणाऱ्या हवेचे तापमान, कूलंटचे तापमान, इग्निशन ॲडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते तो आकडा) आणि इंधनाचे दोन ट्रिम एवढे पुरे.

ट्रिम म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचे ऐकून संगणकाने आपल्या तक्त्यातील इंधनात स्वतःहून केलेली दुरुस्ती. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलतो आणि लाँग टर्म ट्रिम सावकाश, सवयीसारखा बसतो. इंजिन गरम असताना लाँग टर्म ट्रिम शून्याच्या पाच टक्के अलीकडे-पलीकडे असेल, तर निश्चिंत असावे. दहाच्या वर गेला, तर काहीतरी बिघडलेले आहे आणि ते आधी शोधले पाहिजे. ज्या गाडीत हवेचे वजन मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर आहे, त्या गाडीचे एक नेहमीचे चित्र असे: स्लोवर लाँग टर्म ट्रिम अधिक १४, आणि २५०० आरपीएमवर धरून ठेवल्यास अधिक २. याचा अर्थ सेन्सर चुकवून मागच्या वाटेने हवा आत शिरते आहे. स्लोवर एकूण हवाच थोडी असल्यामुळे ती चोरटी हवा मोठी ठरते, आणि रेस दिली की तिचा वाटा नगण्य होतो. शोधायला गेल्यास मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूला, हात जेमतेम पोहोचेल अशा ठिकाणी, कडक होऊन तडकलेली रबरी नळी सापडते. चित्र उलटे असेल, म्हणजे स्लोवर ट्रिम ठीक पण भार वाढला की ट्रिमही वाढतो, तर फ्युएल फिल्टर, पंपाचा दाब किंवा धुळीने माखलेला सेन्सर यांकडे पाहावे. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाड्यांत मात्र चोरटी हवाही दाबात मोजली जाते, म्हणून तिथे ट्रिम फारसा हलत नाही आणि स्लोच वर चढून बसतो. हा फरक ओळखता येणे हीच या टप्प्याची परीक्षा आहे.

लॉग नेहमी त्याच रस्त्यांवर घ्यावेत, म्हणजे दोन दिवसांची तुलना करता येते. मे महिन्यात राजवाड्याच्या गर्दीत गाडी रांगत असताना आत येणाऱ्या हवेचे तापमान कसे चढत जाते आणि संगणक ठिणगी कशी मागे ओढतो, हे आपल्याच पडद्यावर पाहावे. मग उन्हाळ्यात दुपारी गाडी जड का वाटते याचे कारण आकड्यांत कळते. बायपासवर एका वेगाने शांतपणे चालताना व्हीई टेबलच्या अगदी थोड्या खान्यांत इंजिन कसे स्थिरावते, तेही पाहावे. तिसरा लॉग बडवाहकडून परत येताना भेरूघाटाच्या चढावर घ्यावा. चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर भार चढला की कधीकधी दाब आणि आरपीएम जवळजवळ स्थिर असताना ॲडव्हान्स अचानक तीन-चार अंश खाली येतो आणि मग हळूहळू परत वर चढतो. बहुतेक वेळा तो नॉक सेन्सरने, म्हणजे सिलिंडरात इंधन अवेळी पेटून होणारे ठोके (नॉकिंग) ओळखणाऱ्या सेन्सरने, दिलेला इशारा असतो. गाडी एकाने चालवावी आणि लॅपटॉप दुसऱ्याने सांभाळावा. चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचेच नाही, हा नियम घाटात तर कधीच मोडू नये.

दुसरा टप्पा: टेबलावरचे इंजिन

गाडीला हात लावण्यापूर्वी जेवणाच्या टेबलावर सराव करता येतो, आणि तो करावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. स्पीडुइनो हा आर्डुइनो मेगा २५६० वर चालणारा मुक्त स्रोत ईसीयू आहे. रसईएफआय हाही त्याच वाटेचा, अधिक क्षमतेचा प्रकल्प आहे. दोन्ही ट्यूनर स्टुडिओ या सॉफ्टवेअरमधून चालवता येतात आणि त्या सॉफ्टवेअरची मर्यादित आवृत्ती फुकट मिळते. दुसऱ्या एका साध्या आर्डुइनोवर अर्डु-स्टिम हा प्रोग्राम भरला, की तो क्रँक सेन्सरची नक्कल करतो. म्हणजे ३६ दात्यांपैकी एक दाता गाळलेले चाक फिरत असल्यासारखा सिग्नल ईसीयूला मिळतो आणि पडद्यावर आरपीएम दिसू लागतो.

थ्रॉटलच्या आणि मॅनिफोल्ड दाबाच्या सेन्सरऐवजी एकेक पोटेन्शिओमीटर लावावा, तापमानाच्या सेन्सरच्या जागी साधे रेझिस्टर लावावेत आणि इंजेक्टरच्या जागी रेझिस्टरसह एलईडी लावावेत. जेल रोडवर हे सारे सुटे मिळते. दाबाचा पोटेन्शिओमीटर फिरवला, की व्हीई टेबलवरचा ठिपका एका खान्यातून दुसऱ्या खान्यात सरकताना दिसतो आणि इंजेक्टरच्या वेळेचा आकडा बदलतो. वहीत केलेले मघाचे गणित इथे पडताळून पाहावे. तापमानाचा रेझिस्टर काढून टाकला तर काय होते, बॅटरीचा दाब १४ वरून १० व्होल्टवर आणला तर इंजेक्टरचा वाया जाणारा वेळ किती वाढवला जातो, क्रँकचा सिग्नल मध्येच तुटला तर ईसीयू कसा वागतो, हे प्रश्न टेबलावर विचारायला एक पैसाही पडत नाही. गाडीवर त्यांची किंमत पिस्टनच्या रूपाने मोजावी लागते.

तिसरा टप्पा: गाडी आधी धडधाकट करणे

हा भाग थोडक्यात सांगतो, पण टाळू नये. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. प्लग, एअर फिल्टर आणि फ्युएल फिल्टर नवे घालावेत. इंधनाचा दाब गेज लावून पाहावा. बऱ्याच एमपीएफआय गाड्यांत तो ३ बारच्या आसपास असतो. अर्थिंगच्या वायरी घासून घट्ट कराव्यात. इंजिन मिसिंग करत असेल, तर ते मिसिंग ट्यूनिंगने जात नाही, आणि न जळलेला ऑक्सिजन धुरात जात असल्यामुळे लॅम्डा सेन्सरही त्या वेळी इंधन कमी असल्याची खोटी साक्ष देतो.

जुन्या वाड्यांच्या दिंडीत किंवा बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी उघड्या अंगणात काढावी, हाताशी अग्निशामक सिलिंडर ठेवावा, आणि पेट्रोलच्या रेलवरील पाइप सोडण्यापूर्वी दाब उतरवावा.

चौथा टप्पा: वाइडबँड सेन्सर आणि इंधनाचा तक्ता

गाडीतील साधा ऑक्सिजन सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान उड्या मारतो. त्याला फक्त इंधन जास्त की कमी एवढेच सांगता येते, किती जास्त आणि किती कमी हे नाही. ट्यूनिंगसाठी वाइडबँड सेन्सर लागतो. बॉशचा एलएसयू ४.९ हा त्यातील प्रचलित प्रकार आहे आणि त्याला चालवणारा कंट्रोलर वेगळा घ्यावा लागतो. तो कन्व्हर्टरच्या आधी बसवावा. वेल्डिंगवाल्याकडून पाइपावर १८ मिलिमीटरच्या आट्यांचा नट लावून घेताना सेन्सर आडव्या रेषेच्या वर किमान १० अंश कलेल अशी जागा निवडावी, नाहीतर पाइपात जमलेले पाणी त्याच्या गरम सिरॅमिकवर पडून तो तडकतो. सेन्सरला वीज न देता इंजिन चालवत राहिल्यासही तो लवकर खराब होतो. सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरच्या जोडात गळती असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आकडे खोटे येतात. म्हणून जोड आधी तपासावेत.

आता तक्ता, म्हणजे टेबलावर सराव केलेला स्वतंत्र ईसीयू जुन्या गाडीत बसवून त्यातील व्हीई टेबल. काम स्लोपासून सुरू करावे, मग हलक्या भाराकडे जावे आणि पूर्ण थ्रॉटल सगळ्यात शेवटी घ्यावा. स्लोवर आणि रोजच्या हलक्या भारावर लॅम्डा १ हेच लक्ष्य असावे, कारण कन्व्हर्टर त्याच्या अगदी जवळपासच नीट काम करतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला पूर्ण भारावर ०.८६ ते ०.८८ च्या आसपास ठेवले, तर ताकदही मिळते आणि सिलिंडरही थंड राहतो. दुरुस्तीचे सूत्र सोपे आहे: जुन्या आकड्याला मोजलेल्या लॅम्डाने गुणावे आणि हव्या असलेल्या लॅम्डाने भागावे. एखाद्या खान्यात ६२ आहे, मोजलेला लॅम्डा १.०६ आला आणि हवा होता १.००, तर नवा आकडा सुमारे ६५.७ होतो. हे करताना ऑक्सिजन सेन्सरची आपोआप दुरुस्ती बंद ठेवावी, नाहीतर आपण आणि संगणक एकाच वेळी एकच आकडा दोन्ही बाजूंनी ओढत राहतो.

सॉफ्टवेअरमध्ये हे काम आपोआप करून देणारी सोयही मिळते. ती वाईट नाही, पण पहिली काही पाने हाताने भरावीत. हाताने भरताना शेजारच्या खान्यांशी न जुळणारा एखादा आकडा लगेच डोळ्यांत खुपतो. खऱ्या इंजिनाचा व्हीई तक्ता मऊ टेकडीसारखा चढतो आणि उतरतो; त्यात मध्येच खड्डा किंवा सुळका दिसला, तर तिथे इंजिनापेक्षा मोजमापच चुकले असण्याचा संभव अधिक असतो. एका खान्यात इंजिन निदान काही सेकंद स्थिर राहिले असेल, तरच त्या नोंदीवर विश्वास ठेवावा. ॲक्सिलरेटर दाबल्याच्या क्षणीचे आकडे इथे वापरू नयेत. त्या क्षणासाठी जादा इंधनाचा वेगळा तक्ता असतो आणि तो मुख्य तक्ता बसल्यावरच हाती घ्यायचा असतो.

पाचवा टप्पा: ठिणगी

इंधनात थोडी गफलत झाली तर इंजिन सहसा कुरकुर करून माफ करते. ठिणगीच्या बाबतीत तसे नाही. म्हणून आधी संगणकाला ठिणगी एका जागी, उदाहरणार्थ १० अंशांवर, बांधून ठेवायला सांगावे आणि क्रँक पुलीवर टायमिंग लाइटचा झोत टाकून ती खरोखर १० अंशांवरच पडते आहे का ते पाहावे. पडद्यावर १० आणि पुलीवर १६ असेल, तर तक्त्यातील प्रत्येक आकडा सहा अंशांनी धोक्याच्या बाजूला आहे. क्रँक सेन्सरचा कोन दुरुस्त करून पुन्हा पाहावे, आणि मग आरपीएम वाढवूनही ती खूण जागेवरून सरकत नाही ना, याची खात्री करावी.

सिलिंडरमधील सर्वाधिक दाब पिस्टन वरच्या टोकापासून साधारण १४ ते १६ अंश खाली उतरलेला असताना यावा, म्हणजे क्रँकला सर्वांत चांगला रेटा मिळतो. ठिणगी त्याहून लवकर पडली, तर ताकद वाढत नाही आणि नॉकिंग सुरू होते. उशिरा पडली, तर ताकद जाते आणि सायलेन्सर तापतो. नवशिक्याने मूळ गाडीच्या लॉगमध्ये दिसलेल्या ॲडव्हान्सपेक्षा दोन-तीन अंश मागे राहून सुरुवात करावी, हलक्या भारावर एकेका अंशाने पुढे जावे आणि ज्या अंशानंतर ताकदीत वाढ दिसत नाही, तिथे थांबून एक अंश मागे यावे. पूर्ण भाराचे काम डायनोवरच करावे. बायपासवर किंवा सुपर कॉरिडॉरवर पूर्ण थ्रॉटल देऊन तक्ते बसवणे हे दुसऱ्यांच्या जिवाशी खेळणे आहे आणि त्यातून मिळणारे आकडेही वाऱ्याने, चढ-उताराने बिघडलेले असतात.

नॉकिंगचा आवाज सहा ते आठ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि सिलिंडर जितका रुंद, तितका तो खाली सरकतो. बंद काचांच्या गाडीत कानाला ऐकू येईपर्यंत थांबू नये. ब्लॉकला बोल्टने घट्ट बसवलेला नॉक सेन्सर आणि त्याचा आवाज हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय एवढे तरी असावे. इंदूरात ठिणगीचा तक्ता मे महिन्याच्या दुपारी पारखून घ्यावा. जानेवारीत सुरक्षित वाटलेले दोन अंश ४२ अंशांच्या उन्हात सुरक्षित राहतीलच असे नाही, म्हणून हवेच्या तापमानानुसार ठिणगी मागे घेणारा छोटा तक्ता रिकामा सोडू नये.

मूळ ईसीयूची फाइल बदलण्याविषयी

स्वतंत्र ईसीयूवर वरची कामे जमल्यानंतरच गाडीच्या मूळ ईसीयूकडे वळावे. इथे आधी मूळ फाइल वाचून काढायची असते. बहुतेक आधुनिक ईसीयू वाचू देण्यापूर्वी एक यादृच्छिक संख्या पाठवतात आणि तिचे बरोबर उत्तर मिळाले तरच दार उघडतात. फाइल दोनदा वाचावी, दोन्ही प्रती अक्षरशः सारख्या आहेत का ते तपासावे आणि एक प्रत लॅपटॉपच्या बाहेर ठेवावी. ट्यूनर प्रोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडताना कोणता पत्ता म्हणजे कोणता तक्ता हे सांगणारी डेफिनिशन फाइल लागते, आणि ती नेमक्या त्याच सॉफ्टवेअर आवृत्तीची असावी लागते. जवळपासची चालत नाही. बदल केल्यावर चेकसम (फाइल शाबूत आहे का हे तपासण्यासाठी तिच्यात असलेली बेरीज) दुरुस्त केला नाही, तर ईसीयू फाइल नाकारतो किंवा गाडी चालूच होत नाही.

लिहिण्याचे काम चालू असताना बॅटरी उतरली, तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो आणि गॅरेजच्या भाषेत तो वीट होतो. म्हणून बॅटरीला १३ व्होल्टच्या वर स्थिर दाब देणारा सप्लाय जोडावा, पंखा, दिवे आणि एसी बंद ठेवावेत, लॅपटॉप आपोआप झोपणार नाही असे सेटिंग करावे. सरावासाठी भंगारातून त्याच क्रमांकाचा जुना ईसीयू आणून टेबलावर वाचण्या-लिहिण्याचा अभ्यास करणे शहाणपणाचे. तो गाडीत बसवल्यास इमोबिलायझर (चोरी रोखणारी किल्लीची यंत्रणा) त्याला ओळखणार नाही, पण टेबलावरच्या अभ्यासाला त्याची अडचण नाही. सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसवून सिग्नल खोटा करणारी जी तयार डबी ‘पॉवर चिप’ म्हणून विकली जाते, ती घेऊ नये. तिच्यात शिकण्यासारखे काही नाही आणि ती लावल्यावर आपले सारे लॉग निरुपयोगी होतात.

पीयूसी आणि थंडीतील सुरुवात

पीयूसी केंद्रावरील यंत्राला केवळ प्रमाणपत्र देणारे यंत्र समजू नये. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, आणि सुमारे २५०० आरपीएमवर कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के व लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या आत असावा लागतो. जुन्या गाडीला कायद्याची मर्यादा सैल असली, तरी कन्व्हर्टर शाबूत असेल, तर आपण स्वतःला हीच कडक मर्यादा लावून घ्यावी. तिथे मोजलेला लॅम्डा आणि आपल्या वाइडबँडचा आकडा यांत फार अंतर असेल, तर आपला सेन्सर किंवा त्याची अर्थिंग तपासावी.

थंड इंजिन सुरू करण्याचे तक्ते मुद्दाम शेवटी ठेवले आहेत, कारण ते गरम इंजिनाच्या तक्त्यावर टक्केवारीने चढवलेले असतात आणि तो तक्ता हलला, की तेही हलतात. इंदूरात त्यासाठी डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी उत्तम. गाडी रात्रभर उघड्यावर ठेवावी, सकाळी किल्ली फिरवण्यापूर्वी लॉग सुरू करावा, आणि कूलंटचे व हवेचे तापमान एकमेकांशी जुळते का ते पाहावे. क्रँक करतानाचे इंधन, सुरू झाल्यानंतरच्या काही सेकंदांचे जादा इंधन आणि गरम होईपर्यंतचे जादा इंधन हे तीन वेगळे तक्ते आहेत. एका सकाळी त्यांपैकी एकाच तक्त्याला हात लावावा. इंजिन एकदा तापले, की त्या दिवसाची संधी संपली, त्यामुळे या कामाला अख्खा हिवाळा लागतो असे धरून चालावे. प्रत्येक सकाळची फाइल तारीख घालून वेगळी साठवावी आणि वहीत तिच्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: किती अंशांवर गाडी सुरू केली, काय बदलले आणि स्टार्टर किती वेळ फिरवावा लागला.